फादरच्या शेजारची जागा

माय, मी बोलतेय. कोण मी ते आधी सांगते, कारण तुझं काही खरं नाही. जिवंत होतीस तेव्हा चुलीवर दूध ठेवून अंगणात गप्पा हाणत बसायचीस, आणि मला हाक मारायची तर आधी भावाचं नाव, मग शेळीचं, मग माझं. आता तर तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तेव्हा नीट ऐक. मी तुझी थोरली, जिच्या कपाळावर शेगडीच्या कडेचा डाग आहे तीच. आता माझेही दात गेलेत आणि मी कुवेतला, महबूला म्हणून समुद्राकडेचा भाग आहे तिथं, लेकाच्या घरी सहाव्या मजल्यावर राहते. हे पत्र मी सांगते आणि सून लिहिते. मला लिहिता येत नाही, आणि ते कुणाच्या कृपेनं येत नाही ते पुढं येईलच. सून म्हणते, "आई, सुरुवातीलाच भांडण कशाला?" मी म्हटलं, "तू लिही. माझी माय आहे, तुझी नाही."

कारण असं की येत्या सोमवारी तुझी कबर उघडणार आहेत, आणि त्या कबरीत तू नाहीस. कालपर्यंत हे जिवंत माणसांत एकट्या मला ठाऊक होतं. बुधवारी भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे तुझ्या लेकाचा लेक, तू त्याला पाहिलं नाहीस, तुझंच नाक घेऊन आलाय. तो म्हणाला, "आत्या, आनंदाची बातमी. फादरांच्या कबरीवर छोटं देऊळ बांधतायत. आसपासच्या कबरी उघडून हाडं भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवणार, वर नाव कोरलेला दगड. आजीचा कोनाडा फादरांच्या अगदी बाजूला. मी नाव कोरायला देऊनपण आलो." मी विचारलं, कुंपणाकडच्या कबरींचं काय? तर म्हणतो, "ती ओळ रस्त्यात जाते. त्या सगळ्या बेवारशी. हाडं निघतील ती एका खड्ड्यात घालून वर एक क्रूस लावायचं ठरलंय." एवढं ऐकलं आणि माझ्या हातातला खुबूसचा तुकडा चहात पडला, गळून तळाला गेला. खुबूस म्हणजे इथली रोटी, तुझ्या भाकरीसमोर कागद. माय, त्या बेवारशी ओळीत तू आहेस. आणि तुझ्या नावाच्या दगडामागे दुसरंच कुणीतरी जाणार आहे.

तुला वाटेल, असं कसं झालं. झालं ते तुझ्याच हट्टापायी. फादर कुठल्या देशाचे होते ते मला कधी कळलं नाही. तुला विचारल्यावर "वरचे" म्हणायचीस, जसे काही टेकडीवरच्या वस्तीतून आले होते. सायकलवर हिंडायचे, झग्याचं टोक साखळीत अडकून फाटायचं, ते तू शिवायचीस. तू त्यांच्या मिशनमध्ये रांधायचीस, आणि त्यांना तिखट सोसायचं नाही म्हणून बावीस वर्षं डाळीची दोन पातेली चढवलीस, आणि घरी आल्यावर आमच्या पातेल्यात राहिलेला सगळा राग घातलास. माणूस भला होता, ते मी नाकारत नाही. तापाच्या माणसाजवळ बसून राहायचे, औषध संपलं तरी उठायचे नाहीत. ते गेले आणि लोक त्यांच्या कबरीची माती चिमटीनं नेऊन कपाळाला लावू लागले. मग कुणी सांगितलं की शेवटच्या दिवशी शिंग वाजलं की फादर पहिले उठणार, आणि जो जवळ असेल त्याला हाताला धरून बरोबर नेणार. झालं. सगळ्या वस्तीला त्यांच्या शेजारी झोपायची घाई झाली. एका अंगाला देवळाची भिंत, डोक्याकडे वाट, पायथ्याशी जुन्या कबरी. लागून राहिली होती ती एकच जागा. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून लोक घरी जाऊन येतात, तसा तू मिशनच्या स्वयंपाकघरातला फुटका पाटा ओढत नेलास आणि त्या जागेच्या डोक्याशी उभा रोवलास.

तो दिवस मला लख्ख दिसतो. पाटा रोवून झालाय, तू धापा टाकतेस, आणि मला म्हणतेस, "खुरपं आण." मी आणते. तू पदर सावरून सरळ त्या मातीवर आडवी होतेस, पाट्याला डोकं लावून, हात छातीवर. "पायाशी रेघ मार." मी रेघ मारते. "जरा लांब धर. मेल्यावर माणूस ताणतं." समोरून मास्तर येतात, तेच जे देवळात धडे वाचायचे आणि वहीत जन्ममृत्यू लिहायचे. तू उठत नाहीस. झोपल्या झोपल्या त्यांना सांगतेस, "मास्तर, वहीत लिवून ठेवा, ही जागा माझी. अंगठा हिथंच घ्या." मास्तर बिचारे शाई आणायला गेले. मी लाजेनं अर्धी झाले. घरी येताना मी म्हटलं, "माय, फादर बावीस वर्षं तुझ्या हातचं खाऊन गेले, आता तरी त्यांना मोकळं सोड." तू म्हणालीस, "तुला काय कळतंय. उठल्यावर ते हिकडंतिकडं बघतील, पहिली मीच दिसेन. म्हणतील, बाई, चहा टाक." म्हणजे मेलेले उठणार, आकाश फाटणार, आणि तू त्या दिवशीसुद्धा चूल पेटवणार. मी हसले तर पाठीत धपाटा घातलास. "अक्षर नाही तर नाही, अक्कल तरी ठेव." हे वाक्य मी विसरलेली नाही. दुसरं कुणी बोललं असतं तर चाललं असतं.

कारण अक्षर कुणी येऊ दिलं नाही, माय? मिशनची शाळा आपल्या दारापासून हाकेच्या अंतरावर होती. फादर स्वतः दोनदा म्हणाले, पोरीला पाठव. तू म्हणालीस, "पाठवते की, दळण झालं की." दळण कधी झालंच नाही. तिसऱ्यांदा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि माझ्या हातात पाटी दिली, लाकडी चौकटीची, कोपऱ्याला सुतळी ओवलेली. मला आयुष्यात मिळालेली पहिली नवी वस्तू. मी ती रात्रभर कवटाळून झोपले. सकाळी बघते तर तू ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून घातलेली. "मांजर येतंय," म्हणालीस. पाटी बरोबर बसली होती पातेल्यावर, तेही खरं. ती फुटेपर्यंत तिथंच राहिली, आणि मी आज माझ्या मायला चार ओळी सांगायच्या तर सुनेच्या हातापाया पडते. सून म्हणते, "आई, तुम्ही कधी पडलात माझ्या पाया?" बरं, नाही पडले. लिही पुढं.

आता आणखी एक गंमत ऐक. हा फोन यायच्या आधीच्याच शुक्रवारी हे लोक मला बोटीत घालून फैलका नावाच्या बेटावर घेऊन गेले होते. नातीला कॉलेजात काहीतरी लिहून द्यायचं होतं. इथं शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे लेकही आला. तो मीना अब्दुल्ला म्हणून जागा आहे तिथं तेलाच्या कारखान्यात पाईपांची मापं घेतो, सुट्टीच्या दिवशीही खिशात टेप असतो त्याच्या. बेटावर काय, तर वाळूत हातभर उंचीच्या भिंती. नात म्हणाली, हे देऊळ होतं, आपल्यासारख्याच ख्रिस्ती लोकांचं, हजाराहून जास्त वर्षांपूर्वी. मी चप्पल काढली. पायात खडा रुतला, परत घातली. मग ती एका भिंतीवर बसून सांगायला लागली, अर्धं इंग्रजीत, सून मध्ये मध्ये मला मराठीत करून देत होती. म्हणे फार पूर्वी, दूर दूर देशांत, आपल्या पहिल्या लोकांची एक रीत होती. जे संत देवासाठी मारले गेले, त्यांच्या कबरींना खेटून आपल्या माणसांना पुरायचं. जितकं जवळ तितकं बरं. देवळांच्या फरशीखाली माणसावर माणूस. जमिनीखालच्या बोगद्यांत तर संताच्या कबरीमागची रंगवलेली भिंत फोडून तिच्यात आपलं मढं सरकवायचे, चित्रातल्या देवदूताचे पाय गेले तरी चालतील. मी विचारलं, "का गं, एवढी रेटारेटी कशाला?" नात म्हणाली, "आजी, दे थॉट द सेंट विल स्पीक फॉर देम." लेक लांबूनच म्हणाला, "वास्ता गं आई." इथं ओळखीनं काम करून घ्यायला अरबीत वास्ता म्हणतात. बताका, म्हणजे इथं राहायचं ओळखपत्र, लवकर निघायला वास्ता लागतो, दवाखान्यात नंबर लागायला वास्ता लागतो. स्वर्गातही लागतो हे ऐकून मला काही नवल वाटलं नाही. मला फक्त तुझा राग आला. म्हटलं, बघा, हजार वर्षांपूर्वीही माझी माय होतीच, कुठल्या तरी संताच्या डोक्याशी फुटका पाटा रोवत. नातीनं विचारलं, "आजी, व्हाय आर यू लाफिंग?" मी म्हटलं, हसत नाही, वैतागलेय.

ती पुढं म्हणाली, त्या काळातले काही शहाणे लोकही वैतागायचे. म्हणायचे, नुसतं शेजारी पडून काय होतंय, तुम्ही वागलात कसे ते बघा. ते मला पटलं. पण तेवढ्यात मला तुझा तो दिवस आठवला, ज्या दिवशी मी तुझी जागा दुसऱ्याला देऊन टाकली. बोटीत परत येताना कुणाशी बोलले नाही. सुनेला वाटलं, बोट लागली.

आता नीट ऐक, आणि मध्ये बोलू नको. तू गेलीस तेव्हा ऊसतोडीचे दिवस होते. वस्ती रिकामी, धडधाकट माणसं सगळी टोळ्यांबरोबर कारखान्याला गेलेली. माझा नवरा गेलेला, भाऊ गेलेला. मागं राहिलेले म्हातारे, लहान पोरं, आणि पोटुशा बाया. मी तुझ्या आजारपणासाठी थांबले होते. तू पहाटे गेलीस, फार त्रास न देता, तुझ्या मानानं. सकाळी दोन म्हाताऱ्यांनी पाट्याजवळ खड्डा धरला. मुरमाड जमीन ती, दुपारपर्यंत कंबरभर झाला तेव्हा दोघंही गळून गेले होते. त्याच दुपारी शेजारणीची पोर गेली, बाळंतपणात. विशीचीही नव्हती. लेकरू मेलेलंच जन्मलं. आणि नियम तुला माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नाही त्याला दफनभूमीत जागा नाही. त्याला कुंपणाबाहेर, बाभळीखाली, क्रूसाशिवाय.

शेजारीण माझ्या दारात आली. रडत नव्हती. तिला मी तेवढी शांत कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "बाई, खड्डा एकच झालाय."

मी म्हटलं, "उद्या दुसरा करतील."

"उद्याचा कुंपणाशी होईल. कुंपणाशी गेली की मास्तर लेकरू काढून घेतील, पलीकडं टाकतील. फादरच्या शेजारी कुणी उकरून बघणार नाही."

मग ती म्हणाली, "तुझी माय आपल्या पायानं उठंल. तिला काय, ती फादरलाच उठवंल. माझ्या पोरीच्या हातात वझं आहे. तिला धरायला कुणीतरी लागंल."

माय, तू असतीस तर काय केलं असतंस? तू नाही म्हणाली असतीस. म्हणाली असतीस, पाटा माझा, रेघ माझी, वहीत अंगठा माझा. मला ठाऊक आहे. पण तू तर घोंगडीवर गप्प पडलेली, जन्मात पहिल्यांदा. मी पेटी उघडली. तुझं नवं लुगडं, मरणाला म्हणून ठेवलेलं, तेही काढलं. त्या पोरीला तेच नेसवलं आणि लेकरू तिच्या हातात देऊन वरून पदर घट्ट गुंडाळला, की बाहेरून नुसती अंगानं भरलेली बाई दिसावी. खड्ड्याशी आम्ही दोघी आणि ते दोन म्हातारे, एवढेच; मास्तर प्रार्थना म्हणायला आले. त्यांनी बघितलं. त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, खिशात घातला आणि बिनचष्म्याचे, पाठ होतं तेवढं म्हणाले. वहीत त्यांनी काय लिहिलं ते मला वाचता येत नव्हतं, मी विचारलंही नाही. तुला दुसऱ्या दिवशी कुंपणाशी दिलं, तुझ्या जुन्या लुगड्यात. ठिगळ होतं त्याला. तू रागावणार हे धरूनच चालले होते.

पाचव्या दिवशी भाऊ आला. सरळ पाट्याकडे गेला, गुडघ्यावर बसला आणि त्या ओल्या मातीवर डोकं ठेवून हमसून रडला. तुझी जागा सगळ्या वस्तीला माहीत होती, त्याला कुणी विचारायची गरजच नव्हती. शेजारीण लांब उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं असतं तर लेकरू बाहेर आलं असतं. मी नाही उघडलं. वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग टोळ्या परतल्यावर सांगू. मग नाताळनंतर. असं करत करत दोन्ही म्हातारे गेले, मास्तर गेले, शेजारीण लेकाकडं नाशिकला गेली आणि तिकडंच संपली. दर वर्षी मेलेल्यांच्या सणाला भाऊ त्या पाट्यापाशी मेणबत्त्या लावायचा आणि मी शेजारी उभी. मग काहीतरी निमित्त काढून कुंपणाकडं जायची, चोरून आणलेली एक मेणबत्ती तुझ्यापुढं लावायची. वारा असायचा तिथं. विझायची. तू विझवत असशील असंही मला वाटायचं. भाऊ असाच मेला, त्या परक्या पोरीसाठी जन्मभर रडून. एका अर्थी तिला दोन घरांची माणसं मिळाली.

तर बुधवारी फोन आला, गुरुवारी मला भाकरी गोड लागली नाही, आणि काल शुक्रवारी, चर्चमधून आल्यावर, मी सुनेला म्हटलं, भाच्याला लाव. सोमवारी तो तुझी म्हणून कबर उघडणार आणि आत बाई आणि लेकरू बघणार होता. लोकांसमोर. तुझ्याबद्दल नको ते बोलले असते. उतारवयात तुझ्या पोटात लेकरू कुठून आलं याचं उत्तर मी महबूलाच्या सहाव्या मजल्यावरून कसं देणार? मी सगळं सांगितलं. फोनमध्ये त्याचा चेहरा दिसत होता, तुझं नाक आणि उघडं तोंड.

"आत्या, मग बाबा इतकी वर्षं मेणबत्त्या कुणाला लावत होते?"

"शेजारणीच्या पोरीला."

"आणि आजी?"

"बेवारशी ओळीत."

मग म्हणतो, "आत्या, तू आत्ता सांगतेस? दगड कोरून झालाय गं."

"मग खाली दोन ओळींची जागा कर. त्या पोरीचं नाव कोर. लेकराला नाव नव्हतं, त्याचं नुसतं 'आणि बाळ' एवढं कोर. कोनाडा एकच असू दे. तिघं राहतील."

"नव्या फादरांना काय सांगू? नियम मोडला म्हणून..."

"सांग की आत्यानं मोडला. आत्या कुवेतला आहे. धरायचं तर तिकीट काढून या म्हणावं."

तासाभरानं त्याचा परत फोन. नवे फादर तरुण आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, अशा लेकरांना बाहेर पुरायची ती जुनी चाल आता कुणी धरत नाही, केव्हाच सुटली. आईबरोबर लेकरू, यात लपवण्यासारखं काय आहे? माय, माझ्या डोक्यात अशी कळ गेली. चाळीस वर्षं मी ओठ शिवून बसले, भावाला फसवलं, तुला ठिगळाच्या लुगड्यात कुंपणाशी टाकलं, आणि तो नियम मधल्या मध्ये केव्हातरी सुटला आणि मला कुणी कळवलंही नाही. कळवणार कसं? मला वाचता येत नाही.

मग राहिला प्रश्न तुला शोधायचा. कुंपणाच्या ओळीत आता क्रूस नाहीत, वाळवीनं खाल्ले. भाचा म्हणाला, "आत्या, कुठल्या झाडाशी, काही खूण?" झाडं तर कधीच गेली. पण मला मोजणं येतं. फाटकाच्या दगडी खांबापासून कुंपणाच्या आतल्या अंगानं सतरा पावलं. मी रोज मोजायची. भाचा म्हणाला, "कुणाची पावलं? माझी सतरा म्हणजे कुठंही पोचतील." मी म्हटलं, माझी, तेव्हाची. डोक्यावर पाण्यानं भरलेली कळशी असायची माझ्या. भरल्या कळशीची चाल वेगळी, ती रिकाम्या माणसाला येत नाही.

लेक उठला, त्यानं खिशातून टेप काढला. म्हणाला, "आई, चालून दाखव." मी दिवाणखान्यात चालले. सात पावलांत भिंत आली, आणि पावलं कसली, चिमणीची. गुडघे आखडलेत माझे. सून म्हणाली, "डोक्यावर काही दिलं तर?" घरात कळशी नाही. तिनं मोठा कुकर पाण्यानं भरला, कापडाची चुंबळ केली, आणि माझ्या डोक्यावर ठेवला. लेक ओरडत होता, पडेल, पडेल. मी पडले नाही. माय, खोटं सांगत नाही, पाण्याचं वजन डोक्यावर आलं आणि मान सरळ झाली, कंबर आपली आपण वळली आणि पाय लांब पडायला लागले, जसे विहिरीवरून येताना पडायचे. दार उघडून मला बाहेर लांब व्हरांड्यात नेलं. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, जिन्यातून वर येत होता, तो भिंतीला चिकटून उभा राहिला. सतरा पावलं झाली. लेकानं मागून टेप धरला आणि माप सांगितलं. नातीनं सगळं मोबाईलमध्ये घेतलं आणि भाच्याला पाठवलं. ती रडत होती, का ते मला कळेना. मी म्हटलं, "कुकर उतरव आधी."

माप बरोबर असेल की नाही, सोमवारी कळेल. एखाद हात इकडंतिकडं झालं तर तूच जरा सरकून घे. एवढं तरी कर. मिळेल मग तुला हवं होतं ते, फादरच्या शेजारी, पक्क्या भिंतीत, नावासकट. फक्त शेजारणीची पोर आणि लेकरू जवळ असतील. त्यांना कोपरानं ढकलू नको. आणि लुगड्यावरून काही काढू नको.

आता एक गोष्ट भाच्याला सांगितली नाही, लेकालाही नाही. सून लिहितेय म्हणून तिला कळेल, तिनं पोटात ठेवावं. सगळ्यांना वाटलं, मी दया आली म्हणून जागा दिली. दया आलीच. पण शेजारीण दारात बोलत होती तेव्हा माझ्या मनात दुसरंही होतं. फादरजवळ तुला ठेवलं असतं तर तिथं चप्पल काढायची, डोकं झाकायचं, हळू बोलायचं, आणि सतत कुणीतरी माती न्यायला आलेलं. कुंपणाची ती जागा माझ्या विहिरीच्या वाटेवर होती. येताजाता कळशी घेऊन उभं राहता येत होतं. उभं राहून भांडता येत होतं. संताला तू बावीस वर्षं दिलीस, मला दळण संपेपर्यंतही नाही. मला वाटलं, आता तरी माझ्या वाटेवर राहा. शेजारणीनं मागितलं नसतं तरी मी काहीतरी कारण काढलं असतं की काय, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. आणि मग मीच इकडं निघून आले, तुला त्या ओळीत एकटी टाकून. यावर तू काय बोलशील ते मला पाठ आहे, तेव्हा बोलू नको.

सून विचारते, पत्ता काय लिहू. पत्ता कसला? सोमवारी तर तुझाच बदलतोय. कागद घडी घालून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेव, तसंही ते मी उघडत नाही. धाडायचा तो एवढाच निरोप भाच्याला धाड: खणणाऱ्या माणसांना चहा-बिस्किटावर ठेवू नको. दुपारच्या आत बाजरीच्या भाकरी पाठव, जाड, तीळ लावलेल्या. बरोबर वांग्याचं भरीत, कांदा, मिरचीचा ठेचा आणि मडकंभर ताक. भाकरी माणशी तीन धर, आणि दोन जास्तीच्या.